डब्याचं दूध

ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या महदियात मुली दिसेल त्या पुरुषाला भाऊ म्हणतात. मासेवाला भाऊ, पोलीस भाऊ, ओळख ना पाळख असा टॅक्सीवालाही भाऊ. त्यात माया असतेच असं नाही. माझ्याकडे तसल्या नजरेनं बघू नकोस, एवढाच त्याचा अर्थ. माझी भाची सुंदुस हा शब्द अगदी सढळ हातानं वाटायची. पण बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा वजदी आमच्या गल्लीतून जायला लागला आणि बाईसाहेबांची जीभ अडखळायला लागली. नुसतं "सलाम" म्हणायची आणि मागावर मान खाली. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं, मग म्हटलं, "काय गं वाकडमाने, याला भाऊ म्हणताना दात दुखतात का तुझे?" तर रेशमाच्या ताण्यात तोंड खुपसून खुदुखुदु हसत बसली.

मी मन्नूबिया. या गावातल्या नवऱ्या मी सजवते. मेंदी, न्हाणं, केस, दागिने, सासरच्या बायकांना तोंड देणं, सगळं माझ्याकडे. कुठलं लग्न तरणार आणि कुठलं बुडणार हे मला मेंदी कालवतानाच कळतं, असं मी लोकांना सांगते. खोटं आहे ते. कळत काही नाही. या लग्नाच्या वेळी मात्र पहिल्या दिवसापासून मनात पाल चुकचुकत होती.

सुंदुस माझ्या बहिणीच्या पोटची नव्हे. शेरीफा आणि तिचा नवरा हेदी यांनी तिला ट्यूनिसच्या शिशुगृहातून दत्तक घेतलं. आली तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती, अंगावर मूठभर मांस नाही, आणि मान एका बाजूला वळलेली. तोंड सदा डावीकडे. उजवीकडे वळवायला गेलं की किंचाळून घर डोक्यावर घ्यायची. मी रोज कोमट ऑलिव्हच्या तेलानं ती मान चोळायची. शेरीफानं मला शपथच घातली होती, "बाहेर बोलू नकोस. आधीच दत्तक, त्यात वाकडी. लोकांना तेवढंच हवं असतं." पुढं मान सरळ झाली. आता फक्त झोपेत आणि रडताना डावीकडे वळते. वाकडमानी हे नाव मात्र राहिलं. पोरगी हट्टी म्हणून मी तसं म्हणते, असं गल्लीला वाटतं. वाटू दे.

आमच्यात रक्ताइतकंच दुधालाही मानतात. एका बाईच्या अंगावर प्यालेली मुलं भावंडं, मग ती कुणाच्याही पोटची असोत आणि घोटभर का प्यालेली असेनात. त्यांचं आपसात लग्न होत नाही. सुंदुस आली तेव्हा शेजारणींनी सल्ला दिला की घरातल्या एखाद्या बाईनं तिला अंगावर घ्यावं, म्हणजे ती खरी घरची होईल. नाहीतर मोठी झाल्यावर बापासमोरसुद्धा डोकं झाकावं लागेल म्हणे. शेरीफाची कूस कधी उजवली नाही. मी लग्नानंतर लवकरच विधवा झालेली. दूध आणायचं कुठून? हेदी गरीब गाय माणूस, पण त्या दिवशी त्यानं हातातला धोटा भिंतीवर फेकून मारला. म्हणाला, "पोरगी माझी आहे. माझ्यासमोर ती केस मोकळे सोडून नाचेल." तर पोरगी डब्याच्या दुधावर वाढली. ते डबे अजून गच्चीवर आहेत. शेरीफा त्यांत पुदिना लावते. हेदी गेला, त्याच्या मागावर आता सुंदुस बसते आणि भल्याभल्या विणकरांच्या तोंडात मारेल असं रेशीम विणते.

म्हणून लग्नाची बोलणी निघाली आणि रीतीप्रमाणे दुधाची चौकशी झाली, तेव्हा आम्ही गल्लीतल्या बायकांसकट छातीठोकपणे सांगितलं: डब्याचं दूध. दुसऱ्या कुणाचा थेंब नाही.

रक्ताचं मात्र काय सांगणार? आणि नेमकी तिथंच वजदीची आई अडून बसली.

तिचं नाव तुर्किया, पण मानानं सगळे लल्ला तुर्किया म्हणतात. धान्यखात्यातल्या साहेबाची विधवा. आली ती खुर्चीच्या कडेवर टेकली, जणू मागं टेकलं तर आमची गरिबी पाठीला चिकटेल. समोरच्या कॉफीला तिनं बोट लावलं नाही.

"मुलगी गुणाची आहे, नाही म्हणत नाही मी," ती म्हणाली. "पण कुणाची?"

"कुणाची म्हणजे?" मी म्हटलं. "ही काय माझी बहीण समोर बसलीय. नीट दिसत नसेल तर दिवा लावते."

"मन्नूबिया, तुझी जीभ तुझ्या मेंदीपेक्षा जास्त रंगते हे मला ठाऊक आहे. मी रक्ताचं विचारतेय. या गावात कोण कुणाचं, काय सांगावं? दत्तक देताना जन्माची माहिती लिहून कोर्टात सीलबंद पाकीट ठेवतात ना? ते उघडा. मग बघू."

शेरीफा पांढरीफटक पडली. इतकी वर्षं त्या पाकिटाचं नाव या घरात कुणी काढलं नव्हतं. तेवढ्यात मागावरून सुंदुसचा आवाज आला, "उघडू या, लल्ला. मलाही बघायचंय." शेरीफानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पोरगी किती दिवस हे मनात घेऊन बसली होती कोण जाणे.

जाताना तुर्कियानं मला दाराशी गाठलं आणि माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार होता.

"तू घराघरांत जातेस. माझा सालेम कसा होता ते तुला सांगायला नको."

नकोच. सालेम बाहेरख्याली म्हणून गावभर प्रसिद्ध होता.

"ही जन्मली त्या वर्षांत आम्ही बेजाला होतो," ती कुजबुजली. "गव्हाच्या सरकारी कोठारावर. कापणीला डोंगरातल्या पोरीबाळी मजुरीला यायच्या, आणि हा रोज संध्याकाळी उशिरा घरी. ही मुलगी बोलताना डावी भुवई उचलते, पाहिलंस? तोही उचलायचा."

"लल्ला, भुवई काय, माझा बोकडही उचलतो."

ती हसली नाही. "पाकिटात दुसरं कुठलंही गाव निघू दे, मी स्वतः नाचत वरात आणीन. बेजा निघालं तर हे लग्न माझ्या मढ्यावरून होईल. आणि हे कुणाला बोललीस तर तुझ्यामाझ्यात देव आहे."

मी कुणाला बोलले नाही. शेरीफालासुद्धा नाही. पण त्या दिवसापासून सुंदुस बोलायला लागली की माझे डोळे आपोआप तिच्या भुवईवर जायचे.

आम्ही एक वकीलबाई गाठल्या, त्यांनी अर्ज केला. न्यायाधीश म्हातारा होता, लग्नाचा प्रश्न म्हणून त्यानं परवानगी दिली. पाकीट हातात देताना मात्र म्हणाला, "पोरी, यातून प्रत्येकाला आई मिळते असं नाही. काहींना नुसती झोप गमवावी लागते." सुंदुस म्हणाली, "झोप गेलेलीच आहे, साहेब."

पाकीट घरी आणलं त्या दिवशी वाळवंटाकडून गरम वारा सुटला होता. असा वारा सुटला की आमच्याकडे खिडक्या लावून घेतात, तरी दातांत वाळू येतेच. समोर कबरस्तान, त्यापलीकडे समुद्र, दोन्ही पिवळट धुळीत गेलेलं. सुंदुसनं रेशीम कापायच्या कात्रीनं लाखेचं सील फोडलं. आत एकच कागद. ती मोठ्यानं वाचत गेली. आईचं नाव हनिया. अविवाहित. बाळंतपणानंतर रुग्णालयातच मृत्यू. बापाच्या नावापुढं काही नाही. मूल सरकारच्या हवाली करणारी, हनियाची थोरली बहीण जन्नात.

"गाव?" मी विचारलं.

"बेजा," ती म्हणाली.

मी उठून आधीच लावलेली खिडकी पुन्हा लावायला गेले. शेरीफा मात्र सुस्कारा सोडून म्हणाली, "बिचारी, मेली गं तुझी आई," आणि मग लगेच, एखादी चोरी पकडली जावी तशी, "म्हणजे, ती." सुंदुस कागद हातात धरून तशीच बसली होती. वर बघून म्हणाली, "मावशी, तुला काय झालं?"

"काही नाही. वारा आहे."

तुर्कियाला गाव कळलं तशी ती नुसती भिंतीला टेकली. वजदीला यातलं काहीच माहीत नव्हतं, तो आपला लग्नासाठी घराला रंग देत होता. हातावर निळे डाग घेऊन आमच्या दारात यायचा आणि सुंदुसला विचारायचा, "हा निळा की तो निळा?" मला त्याच्याकडे बघवेना. त्याच्या बापाचंच तोंड होतं ते. मी तुर्कियाला म्हटलं, "कागदावर बाप नाही. म्हणजे अजून काहीच ठरलेलं नाही. ती जन्नात जिवंत असेल तर तिला ठाऊक असेल. मी सुंदुसला घेऊन जाते."

"आणि सालेमचं नाव निघालं तर?"

"तर मी परत येऊन मेंदीची परात समुद्रात फेकीन. आणखी काय करणार?"

बेजाला पोचलो तेव्हा गहू कापून झालेला होता, नुसते खुंट उभे. जन्नात सापडायला वेळ लागला नाही. गावाबाहेर टेकडीवर घर, दारात कोंबड्या. सुंदुस पुढं झाली आणि तिनं नाव सांगायच्या आधीच त्या म्हातारीनं दाराची चौकट धरली.

"हनियाची," ती म्हणाली. "तू हनियाची." आणि तिची डावी भुवई वर गेली.

तिथल्या तिथं त्या म्हातारीचे मुके घ्यावेसे वाटले मला. भुवई आईकडची होती! सालेमनं आयुष्यभर काय दिवे लावले असतील ते असोत, ही भुवई त्याची नव्हती.

बापाचंही तिनं न विचारता सांगितलं. तैयब म्हणून त्यांचाच एक चुलतभाऊ, आमच्यात चुलतभावाशी लग्न चालतं, हनियाशी ठरलेलं, रेशीमसुद्धा आणून ठेवलेलं. लग्नाला थोडे दिवस राहिले आणि तो खाणीत दरडीखाली सापडला. हनियाला तेव्हा दिवस गेलेले. जन्नातनं पेटीतून फोटो काढला. तैयब म्हणजे सुंदुसला मिशी लावली तर जशी दिसेल तसा. माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच मनातल्या मनात मेंदी कालवायला घेतली.

"मला का नाही ठेवलंत?" सुंदुसनं विचारलं.

म्हातारीनं नजर चुकवली नाही. "माझी चार होती. आणि आमचा भाऊ कोयता घेऊन दारात उभा होता, म्हणाला हे पाप उंबऱ्याच्या आत आलं तर दोघींना कापीन. मी भ्याले. आजही त्याच्याशी बोलत नाही मी, तो मरायला टेकलाय तरी." मग तिनं सुंदुसचा हात आपल्या हातात घेतला. "पण तू तर दवाखान्यातच संपली असतीस. गहू कापून झाला त्याच आठवड्यात हनिया तापानं गेली आणि तू बाटली तोंडात घेईनास. तू जगलीस ती त्या बाईमुळं."

"कुठल्या बाईमुळं?"

"शेजारच्या खाटेवर होती. कुणा साहेबाची बायको, समुद्राकडची. तिची मुलगी जन्मताच गेलेली. दुधानं छाती दगड झालेली, सारखी कण्हायची. नर्सनं तुला उचललं आणि तिच्या कुशीत ठेवलं. दोघीही गप्प झालात. घरी जाईपर्यंत तिनंच तुला अंगावर पाजलं. नाव मला कळलं नाही. नमाजात दुवा मागते तेव्हा 'ती समुद्राकडची' एवढंच म्हणते."

मी बोटांवर मोजलं. समुद्राकडची. साहेबाची बायको. बेजा.

परतीच्या टॅक्सीत सुंदुस माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. इतकी खुशीत मी तिला कधी पाहिली नव्हती. "मावशी, मला वाटायचं मी नुसती डब्याचीच. मला अंगावर पाजणारी कुणी होती गं. आपल्या किनाऱ्यावरचीच कुठली तरी. मी तिला शोधून काढणार, लग्नाला बोलावणार, आणि सगळ्यांत वरच्या जागी बसवणार. लल्ला तुर्कियाच्याही वर. रागावली तर रागावू दे."

"झोप आता," मी म्हटलं.

ती झोपली. मान डावीकडे वळली. मी रस्ताभर स्वतःला बजावत होते की या देशाला किनारा केवढा तरी आहे आणि साहेब लोकांचा कुठं तुटवडा आहे. एकाच्याच बायकोचं मूल गेलं असेल का? गाव येईपर्यंत मी ठरवून टाकलं की तोंडाला कुलूप. विचारलंच नाही कुणी, तर सांगणारी मी कोण?

दुसऱ्या दिवशी दुपारी तुर्किया आली. मी तिला भुवईचं सांगितलं, तैयबचं सांगितलं. ती ऐकत होती आणि हळूहळू तिचा चेहरा सुटत गेला. मग ती रडायला लागली. आवाज करून, नाक पुसत, एखाद्या कोळिणीसारखी. हातातली सोन्याची बांगडी काढून तिनं शेरीफाच्या पुढ्यात ठेवली. "तिच्यासाठी. आणि मला माफ करा. मी तुमच्या घरात कॉफीसुद्धा प्याले नाही. आज पाजा." आतून सुंदुसनं ऐकलं आणि ती कॉफी करायला उठली.

मलाही भरून आलं होतं. आता ही बाई उठून घरी जाईल तर किती बरं, असंही वाटत होतं. पण आनंदानं माणूस सैल सुटतं. ती खुर्चीत मागं टेकली आणि बोलायलाच लागली.

"शेरीफा, मी अशी नव्हते गं. बेजानं मला अशी केली. तिथं मी माझी मुलगी पुरली."

"लल्ला, जाऊ दे जुनं," मी म्हटलं. "शुभ बोलणी चाललीत."

"बोलू दे. कुणाला बोललेच नाही कधी. सालेम तर दवाखान्यात फिरकलाही नाही. वजदी नुकता चालायला लागलेला, तो शेजाऱ्यांकडे. दूध मात्र येतच होतं. छाती फुटेल की काय असं व्हायचं. मग नर्सनं कुणाचं तरी पोर आणून दिलं. आई मेलेली त्याची. शेजारच्याच खाटेवर होती ती, तापानं गेली."

सुंदुस तबक घेऊन दारात आली होती. मला ती दिसत होती, तुर्कियाची तिच्याकडे पाठ होती.

"कॉफी आली," मी ओरडले. "घ्या, निवेल."

"किती मोठ्यानं बोलतेस, बहिरी आहे का मी?" तुर्किया डोळे पुसत हसली. "काय गोड पोर होतं. पण मान वाकडी. उजवीकडे लावलं की अशी किंचाळायची! एकाच बाजूनं प्यायची, तोंड डावीकडे करून, आणि पिता पिता माझं बोट धरून ठेवायची. मी मनातल्या मनात तिला माझ्या मुलीचं नाव दिलं होतं. डिस्चार्ज मिळाला तेव्हा ते बोट सोडवून घेतलं. त्यानंतर मी कुणाला जवळ केलं नाही."

तिला काही कळलं नव्हतं. कळणार कसं? त्या मानेचं या घराबाहेर आम्ही कधी बोललोच नव्हतो. आणि इतके महिने ती नवऱ्याच्या पापाचीच झाडाझडती घेत होती. आपण काय केलं होतं, ते तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. शेरीफानं तोंडावर पदर धरला. मी सुंदुसकडे बघत होते. तिनं तबक खाली ठेवलं, एक थेंब न सांडता.

"गहू कापून झाला होता का, लल्ला?" तिनं विचारलं.

"हो. पेंढा जाळायचे, त्याचा धूर खिडकीतून..." बोलता बोलता तुर्किया वळली.

सुंदुस रडत होती. आवाज नव्हता, नुसते डोळे वाहत होते. आणि तिची मान, ती रडताना नेहमी वळते तशी, हळूहळू डावीकडे वळली.

तुर्कियानं हात पुढं केला आणि तो तसाच हवेत राहिला. मग ती एवढंच म्हणाली, "नाही." पुन्हा म्हणाली, "नाही, नाही," आणि माझ्याकडे बघितलं. "मन्नूबिया, तू सांग. तू तोंडाळ आहेस, तू खोटं बोलू शकतेस. सांग ना, हिची मान सरळ होती."

इतकी वर्षं घराघरांत जीभ चालवली मी. त्या दिवशी दातखीळ बसली.

वजदीचा विश्वास बसला नाही. आईवर कसा बसणार? "तुला ती नकोच होती!" तो आमच्याच अंगणात ओरडला. "आधी रक्त काढलंस, ते निघालं स्वच्छ. आता दूध काढलंस. उद्या काय, सावली?" तुर्किया मान खाली घालून ऐकत होती. या बाईनं कुणाचं अर्धं वाक्य ऐकून घेतलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. मग तो माझ्याकडे वळला. "मावशी, तू तरी खरं बोल."

मी खरं बोलले. तेलाचं सांगितलं, मानेचं सांगितलं. त्याच्या हातांवर अजून निळा रंग होता.

"बरं," तो म्हणाला. "असेल. मग काय झालं? फ्रान्समध्ये, मार्सेयला माझा मित्र आहे. तिथं जाऊन सही करू. तिथं दुधाचं कुणी विचारत नाही. चार दिवसांचं दूध, सुंदुस! तुला आठवतं का? मला आठवतं का? कुणाच्या अंगात आहे ते आता?"

मला तर पटलं त्याचं. स्पष्टच सांगते, पटलं. शेख काय म्हणतील, गाव काय म्हणेल, सगळं गेलं खड्ड्यात. जा, म्हणावंसं वाटलं. आणि शेरीफा, जी कधी आवाज चढवत नाही, तीही फुटली. "मी तीन वर्षं बाटल्या उकळल्या. तापात मांडीवर घेऊन बसले. आणि हिनं चार दिवस पाजलं तर ही आई? माझ्या मुलीचं लग्न मोडणारी ही कोण?"

सुंदुस मागाच्या कडेवर बसली होती. तिच्या लग्नाचं रेशीम अर्धं विणून झालं होतं, सोनेरी काठाचं.

"वजदी," ती म्हणाली, "माझ्याकडे रक्ताचं काय आहे? बेजाची एक म्हातारी आणि ही भुवई. बाकी सगळं मानलेलं आहे. ही माझी आई, माझे बाबा, हा माग, ही भांडकुदळ मावशी, सगळी मानली म्हणून माझी आहेत. सगळं गाव म्हणायचं, रक्त नाही म्हणजे काही नाही. आम्ही म्हणायचो, आहे. आता माझ्या सोयीसाठी मी म्हणू, की दूध म्हणजे काही नाही? रक्तच काय ते खरं? मग उद्या सकाळी माझ्या या आईला कशी हाक मारू मी? बाई म्हणू?"

शेरीफानं रडणं थांबवलं. तुर्किया उठली, सुंदुसपाशी गेली आणि तिच्या केसांवरून हात फिरवावा तसा हात नेला, पण फिरवला नाही. बांगडी तिथंच ठेवून ती गेली.

वजदी त्यानंतर आमच्या गल्लीतून जायचा बंद झाला. बंदरावरून लांबच्या रस्त्यानं घरी जायचा म्हणे. सुंदुसनं लग्नाचं रेशीम मागावरून उतरवलं नाही. तशीच विणत राहिली, पुरं केलं आणि घडी घालून जन्नातच्या नातीसाठी बेजाला पाठवलं. मी एकदा म्हटलं, "जाळून तरी टाकायचं." ती म्हणाली, "रेशमानं काय केलंय?"

मग मेंदीसाठी धरलेला दिवस आला. मी सकाळपासून शेरीफाकडे जाऊन बसले होते, उगाच, हातांना काम नव्हतं म्हणून. दुपारी दारात सावली पडली. वजदी होता. दाढी वाढलेली, पाठीवर पिशवी. त्याला मालवाहू जहाजावर काम मिळालं होतं, निघाला होता. आत यावं की नाही हे त्याला कळेना. या दारातून तो शंभरदा आत आला असेल, पण आता कोण म्हणून येणार होता?

"सुंदुस," त्यानं नुसती हाक मारली. अजूनही ती उठली असती, चप्पल पायात सरकवली असती, तर मी अडवलं नसतं. शेरीफानंही नसतं. तो त्यासाठीच आला होता.

माग थांबला. ती त्याच्याकडे बघत राहिली. देवा, हिला नुसतं "सलाम" म्हणू दे, मी मनात म्हणत होते. नेहमीसारखं नुसतं "सलाम" म्हणू दे, म्हणजे अजून काहीतरी उरलं असेल.

"ये, भाऊ," ती म्हणाली. "बस. चहा घेऊन जा."

ती रडत नव्हती. पण तिची मान डावीकडे वळली होती.